उशिरा पडलेला कळा

देव मला हो म्हणाला की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं नाही म्हणूनच लिहायला बसले आहे. शाळा काही फार झाली नाही माझी, जन्म मालवणच्या बंदरावर मासळी विकण्यात गेला. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांच्या पोटात गाठ निघाली. आयुष्यभर होडीवर गेलेला माणूस, कधी तापाची गोळी घेतली नव्हती. जिल्ह्याच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, पण गाठ आतड्याला अशी धरून बसलेली की काढता आली नाही. जमलं तेवढं करून डॉक्टरांनी पोट शिवलं. ह्यांना आम्ही सांगितलं, गाठ काढली हां, आता बरं वाटेल. आमच्याकडे आजारी माणसाला खरं सांगायची रीतच नाही. पण बरं कुठचं वाटायला? आडवं झालं की कळ यायची, म्हणून उशी पोटाशी धरून खाटेवर नुसते बसून राहायचे. पेजेचा घोट घेतला तरी उलटी.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गोव्याला नेऊन पुन्हा उघडून बघता येईल. पण आजार त्याने जाणार नाही, आणि टेबलावरून परत येतीलच असंही नाही. मुलगा मुंबईहून आलेला. तो म्हणे, "आये, मगे हात बांधून बसूचा काय?" आणि गाडी ठरवायला गेलासुद्धा. इन्सुलीचा नाका ओलांडला की गोवा, एवढंच त्याच्या डोक्यात. माझं मन धड इकडे नाही, धड तिकडे नाही. नेलं आणि तिथेच काही झालं तर? नाही नेलं आणि न्यायला हवं होतं असं निघालं तर?

मग आम्ही अशा वेळी जे करतो तेच मी केलं. गावी येऊन रवळनाथाला कौल लावला. गुरवाने पाषाणाला पाणी लावलं, दोन्ही बाजूंना फुलाचे कळे चिकटवले. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, तुझ्या लेकराक परत ऑपरेशनाक न्हेवचा काय नाय, तेचो उलगडो कर रे महाराजा!" मी मागून "होय महाराजा" म्हटलं. पण खरं सांगते, तोंडाने ते म्हणत होते आणि मनात दुसरंच चाललेलं. देवा, ह्यांना एकदा आडवं पडून झोपू दे.

कळा पडेना. ना उजवा, ना डावा. बसून बसून माझे पाय बधिर झाले. शेवटी गुरव म्हणाला, "वयनी, आज देव बोलणा नाय. तुमी जावा, थंय ते एकटे आसत." इस्पितळात परत जाताना कसालला गाडी बदलली ती कशी बदलली, ते काही आठवत नाही. देवसुद्धा गप्प बसला तर माणसाने विचारायचं कोणाला?

वॉर्डात आले तर ह्यांच्या खाटेशी स्टूल ओढून एक अनोळखी डॉक्टरीण बसलेली. मोठ्या आजारात माणसाचा त्रास कमी करायचा, हेच तिचं काम. आली होती शेजारच्या खाटेसाठी. तो माणूस एक्स-रेचा फोटो काढायला नेलेला, म्हणून थांबली, आणि ह्यांना असं बसलेलं बघून जवळ आली. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हांला काय माहीत आहे?"

मी तिला डोळ्यांनी खुणावतेय, नको, नको. तर हे म्हणाले, "माका सगळा ठावक आसा. गाठ थंयच आसा. ही सांगणा नाय म्हणान मी इचारूक नाय. उगाच रडात."

मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले. मी त्यांच्यापासून लपवतेय, ते माझ्यापासून.

"मग पुढे काय व्हावंसं वाटतं तुम्हांला?" तिने विचारलं. हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. मीही देवाला विचारायला गेले, ह्यांना नाही.

"बांगडोसुद्धा एकदाच चिरतत, बाय," हे म्हणाले. "परत सुरी लावन काय गावतला? माका आडवो पडान झोप गावली तरी रगड." आणि माझ्याकडे बघून, "काय गो, जल्मभर चिरलंस, खोटा सांगतंय?"

मला हसू फुटलं आणि रडूही. वॉर्ड बघत राहिला.

डॉक्टरीण म्हणाली, "ऑपरेशन ठरलं तरी दुखणं थांबवायचंच, नाही ठरलं तरी थांबवायचंच." औषध अफूच्या जातीचं म्हटल्यावर मी घाबरले, म्हटलं माणूस संपवायचा बेत आहे की काय. तिने शांतपणे सांगितलं, मोजून देतात, जीव घ्यायला नव्हे. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं, मुलालाही बसवलं, आणि ह्यांच्यासमोर सगळं उघड बोलणं झालं. मुलाने उठून गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. औषध सुरू झालं आणि संध्याकाळी हे आडवे झाले. चक्क घोरू लागले. इतकी वर्षं ज्या घोरण्याला शिव्या घातल्या, ते ऐकत बसले.

तेवढ्यात गुरवाचा फोन. "वयनी, तुमी गेल्यावर उजवो पडलो. पण इतक्या उशिरान पडलो तो कसल्या प्रश्नाचो, ता सांगूचा धाडस माका नाय."

उजवा म्हणजे हो. म्हणजे न्यायला हवं होतं? की देवाने गुरवाचं गाऱ्हाणं सोडून माझ्या मनातलं ऐकलं? सकाळी ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "पडलो मां? मगे झाला."

हे घरी आले. पेज-लोणचं चमच्याने खाल्लं, माझ्याशी भांडले, आडवे पडून झोपले. एका सकाळी झोपेतच गेले.

त्या डॉक्टरणीचा चेहरा मला अजून दिसतो. शेजारची खाट रिकामी नसती तर ती थांबली नसती. ती खाट कोणी रिकामी केली, मी कोण सांगणार? कळा कशाचा होता ते विचारायला पुन्हा कौल लावावा, असं खूपदा मनात आलं. मग सोडून दिलं. उत्तर त्याचं, त्याच्यापाशीच राहू दे.

परवा देवळात गेले. गुरवाने विचारलं, "वयनी, काय मागूचा आसा?"

म्हटलं, "मागू नकात काय. ते झोपले, इतक्याच सांगा तेका."

त्याने तसंच गाऱ्हाणं घातलं. ह्या वेळी तोंडात होतं तेच मनात होतं. मी म्हटलं, होय महाराजा.