रुईचा, कण्हेरीचा

सकाळी कुंपणाकडची रुई छाटायला घेतली आणि पान तुटताच चिकाचा तो कच्चा, कडसर वास आला. पानामागं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी होती. छाटणी तिथंच राहिली. तेव्हापासून नुसता घर-अंगण फेऱ्या घालतोय. कुठं बसवत नाही.

सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात मी बेंबळीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तेवढंच हिरवं उरलेलं: ओढ्याकाठी रुई, शाळेच्या आवारात कण्हेर. दोन्हींवर अळ्या सापडत. कंदिलाच्या काचांना फडकी बांधून मी त्या पाळायचो आणि ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात त्यांची लॅटिन नावं शोधायचो. चित्रं काळी-पांढरी. त्यांवरून मी साऱ्या अळ्यांना एकच नाव ठोकून दिलं, डॅनाअस क्रिसिपस, आणि ते उच्चारताना मला स्वतःचंच केवढं कौतुक वाटायचं!

शाळेला लागून सोसायटीची गुरांची छावणी होती. तिथं दोन बैल घेऊन राहिलेली एक म्हातारी पाणी प्यायला शाळेत यायची. काचा बघून तिनं नाव विचारलं नाही. "काय खातंय ह्ये?" म्हणाली. छावणीत दुसरा प्रश्नच नसायचा.

मी सगळ्या अळ्या एकाच काचेत, कण्हेरीच्या पानांवर ठेवल्यात हे पाहून ती कळवळली. "सर, ह्यो रुईचा हाय, त्यो कण्हेरीचा. अंगावरची शिंगं मोजा की, ह्येला सहा, त्येला आठ. रुईच्याला रुईच लागती."

"मावशी, शास्त्रात दोघांचं नाव एकच आहे," मी हसून म्हणालो. ओढ्यापर्यंत उन्हात कोण जाणार, हेही मनात होतंच.

रुईच्या अळ्या दोन दिवस काचेवर वरखाली फिरत राहिल्या, हिरव्या पाल्यात उपाशी. तिसऱ्या दिवशी तळाशी मरून पडल्या. म्हातारीनं काच उचलून पाहिली. "नाव सांगितलं त्यातच खाणं सांगितलं व्हतं, सर," एवढंच बोलली. त्याची मला अजून लाज वाटते.

मघाशी तेव्हाची वही काढली. दर पानावर एक किडा; लॅटिन नाव वळणदार अक्षरात, खाली 'स्थानिक नाव'. या अळीपुढं मी लिहून ठेवलंय: नाही. ते खोडून 'रुईचा' लिहिलं, जरा बरं वाटलं. मग पुढची पानं उलटली. सोनेरी भुंगा, काडीसारखा किडा, शेणाची गोळी ढकलत नेणारा तो. सगळ्यांपुढं 'नाही', 'नाही'. प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी म्हणत असणारच. मी विचारलं नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं ते आता उरले नाहीत.