पाटल्यांचा कस

ओतूरच्या पेठेत माझं सोनारकामाचं दुकान आहे. नव्वदीच्या सुरुवातीला एकदा आसपासच्या गावातल्या सासू-सुना दुकानात आल्या. सासूबाई माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांना मी मावशी म्हणायचो. सुनेने रुमालातून चार तोळ्यांच्या पाटल्या काढल्या.

"भाऊ, ह्या मोडून हार करायचाय. पाटल्या आता कोण घालतंय?"

मी वजन केलं. समोरच्या दुकानात साड्या लागल्या होत्या, त्या बघायला सून गेली. मी पाटली कसोटीच्या दगडावर घासली आणि त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. बावीस कॅरेटची रेघ टिकते. ही बघता बघता उडून गेली. दुसऱ्या पाटलीचंही तेच. निम्म्याहून थोडंच जास्त सोनं, बाकी तांबं.

मी वर पाहिलं. मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

"मला ठावं हाय, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "लेकीचं बाळंतपण अडलं व्हतं. पोट फाडावं लागलं. तिच्या सासरच्यांनी हात वर केले. आमच्या घरात मागायची सोय नव्हती. म्या खऱ्या पाटल्या मोडल्या अन् पुण्याहून ह्या करून आणल्या. सुनेला सांगू नका. लेकीचं म्हायेर तुटंल."

"पण पावतीवर काय लिहू, मावशी?"

"लिवा कायबी."

सून परत आली तेव्हा मी मान खाली घालून पाटल्या पुडीत बांधत होतो. मला वाटलं, हार घरातच राहील, सणावाराला गळ्यात पडेल, कुणाचं काय बिघडणार आहे? मी हार घडवला. रंग फिका दिसू नये म्हणून वरून सोन्याचं पाणी चढवलं. पावतीवर बावीस कॅरेट लिहिलं आणि फक्त मजुरी घेतली.

बारा-तेरा वर्षं गेली. सुनेच्या मुलाला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती नवऱ्याला घेऊन हार विकायला आळेफाट्याला गेली. तिथल्या एका दुकानात सोन्याचा कस सांगणारं मशीन नुकतंच आलं होतं. दुकानदाराने हाराला कानस लावली, मशीनमध्ये ठेवला, आणि आकडा आला अठ्ठावन्न टक्के.

तशीच ती दोघं माझ्याकडे आली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. तिने हार आणि माझी पावती समोर ठेवली.

"आमी तुमाला घरचा सोनार समजत व्हतो, भाऊ. ही अक्षरं तुमचीच ना?"

"माझीच."

"मग आमचं सोनं कुठं गेलं?"

मी विचारलं, "मावशी बऱ्या आहेत ना?"

"त्यांना अजून सांगितलं नाय. त्यांच्या सासूनं दिलेल्या पाटल्या व्हत्या त्या. ऐकलं तर हाय खातील."

तूट दीड तोळ्याच्या आसपास निघत होती. मी घरात गेलो, बायकोकडे तिचं दीड तोळ्यांचं कडं मागितलं आणि ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बायकोला खरं माहीत होतं. ती दोघं गेल्यावर बायको म्हणाली, "आता सगळं गाव म्हणणार, चोरी केली म्हणूनच भरून दिलं." झालंही तसंच. त्या वर्षी लग्नसराईत दुकान ओस पडलं. गिऱ्हाईक यायचं ते जोडवी नाहीतर चांदीचे पैंजण घ्यायला.

चार-पाच महिन्यांनी मावशी एकट्याच एसटीने आल्या. त्यांच्या कानावर गेलं होतं. पायरी चढताना त्यांना धाप लागली. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "म्या सांगून टाकू का घरात?"

नको म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. पण मला त्या सगळ्याचा राग होता. मी म्हणालो, "सांगा."

त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सून आली. कडं तिने काउंटरवर ठेवलं. मी बसा म्हणालो, ती बसली नाही.

"सांगितलं असतं मला तवाच, तर काय झालं असतं?" "माझं बी पहिलं बाळंतपण असंच अडलं व्हतं. नणंदेसाठी पाटल्या मोडल्या म्हणून म्या भांडले असते व्हय? तुमी दोघांनी मिळून ठरवलं, ही परक्याची पोर, हिला कळायचं न्हाई. वरून सोन्याचं पाणी पण चढवलं तुमी."

"चुकलो, वहिनी."

"माझ्याकडनं गावात तुमाला चोर म्हटलं गेलं, ते म्या सगळीकडं जाऊन निस्तरीन. पण तुमच्या दुकानात आता येणार न्हाई."

तिने दोन्ही शब्द पाळले. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. पुढच्या दिवाळीला नणंद माहेरी आली, आणि तिला आणायला सूनच गेली होती, असं ऐकलं. बाजाराच्या दिवशी कधी ती पेठेतून जाताना दिसते. माझ्या दुकानाशी आली की पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि रस्त्याच्या पलीकडून चालू लागते. मी मान खाली घालून काम करत राहतो.