बापूकाकांच्या मोबाइलवरची टिकली

मुदखेडात आमच्या बापूकाकांएवढा संशयी माणूस शोधून सापडणार नाही. एसटीवर नांदेडची पाटी असली तरी ते आधी ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ आहे, त्यामुळे संशयही जोरात आहे. मोबाइलमधून आपल्याला कुणीतरी बघतं, म्हणून सौदामिनीकाकूंच्या पाकिटातली मोठी लाल टिकली त्यांनी पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटवली आहे.

त्यांची मुलगी उर्वी लातूरला वसतिगृहात राहून मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करते. ती भरदुपारी ज्यूसच्या दुकानात दिसली, असं कुणीतरी काकांच्या कानात घातलं. झालं, काका माझ्याकडे हजर. मी ॲप बनवते हे त्यांना कामापुरतं आठवतं.

"मने, तिच्या मोबाइलात असं काही टाक, का मी इथून बटन दाबलं की तिकडचा कॅमेरा चालू. तिला कळायला नको."

"तिला न विचारता?"

"विचारून चोर सापडतो का? जमत नसंल तर सांग, मी तिला परत आणतो. इथं बसून करंल अभ्यास."

मला संताप आला. एका ज्यूसपायी पोरीचं वर्ष वाया जाणार होतं. पण काकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी ॲप करून दिलं, मात्र उर्वीला सांगून आणि माझ्या पद्धतीनं. काकांनी बटन दाबलं की उर्वीला विचारणा जाईल. तिनं 'फक्त या वेळी' दाबलं तरच कॅमेरा उघडेल, आणि बघणाराही तिला दिसेल.

"ती नाहीच म्हणंल," हे ऐकून काका म्हणाले. "नाही म्हणली की उद्याच लातूर गाठतो."

रविवारी त्यांनी माझ्यासमोर बटन दाबलं. उत्तर येईना. "बघ, काहीतरी लपवून राहिली," ते पुटपुटले. तेवढ्यात उर्वी दिसली. टेबल, पुस्तकं, मागे दोरीवर ओले कपडे. काका स्क्रीनला नाक लावून खोली तपासू लागले.

"मागं कोण हाय?"

"कुणी न्हाई, अप्पा. मी दिसून राहिले ना?"

"हाव."

"तुम्ही न्हाई दिसत. नुसता अंधार हाय."

"अगं, उघडं ठेवलं की कुणीपण बघतं, बाळा."

उर्वी हळूच म्हणाली, "मग मी बंद करू का?"

माझ्याकडे न बघता काकांनी नखानं टिकली काढली. उर्वी त्यांना नुसती बघत राहिली.

"अप्पा, किती वाळलात तुम्ही. जेवत नाही का नीट?"

काकांचं ज्यूसचं विचारायचं राहूनच गेलं, आणि परत आणायचंही त्यांनी काढलं नाही.

फोन बंद झाल्यावर त्यांनी टिकली पुन्हा जागेवर चिकटवली, पण अगदी कडेनं, हलकीच.

"तिच्यापुरती काढत जाईन," ते म्हणाले. "बाकीच्यांचा काय भरवसा?"