ओतूरच्या बाकड्यावर आमच्या गाडीचा निकाल

जुन्नरला जायचं ठरलं ते पैजेपायी. माझा नवरा नंदू लग्नाआधीपासूनची गाडी विकायला तयार नव्हता आणि मला ती नकोशी झाली होती. शेवटी ठरलं, लेण्याद्री, ओतूर, खोडद अशी फेरी मारायची. गाडी वाटेत बंद पडली तर विकायची, नाहीतर मी पुन्हा विषय काढायचा नाही.

पुण्याहून पहाटे निघालात तर नारायणगावला मिसळ खाऊन उन्हाच्या आत लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून होतात. माकडांपासून पिशव्या तेवढ्या सांभाळा. तिथल्या गार कोरीव खोल्यांत पूर्वीचे बौद्ध भिक्षू पावसाळ्यात कसे राहत असतील, कपडे कुठे वाळत घालत असतील, या विचारात मी बराच वेळ रेंगाळले. रात्री जुन्नरच्या साध्या लॉजवर राहिलो. गाडी तोवर अगदी शहाण्यासारखी वागली.

सकाळी ओतूरच्या रस्त्याला बॅटरीचा लाल दिवा लागला. मला दिसू नये म्हणून नंदूनं त्याच्यापुढे हात धरला.

एसटी स्टँडजवळच्या गॅरेजात सलीमभाईंनी बॉनेट उघडलं. "ताई, आल्टरनेटर बॅटरी चार्जच करंना. निस्त्या बॅटरीवर चाललीया."

"पण चाललीये ना? म्हणजे बंद पडलेली नाही," नंदू म्हणाला.

मी पैज सांगितली. सलीमभाई हात पुसत म्हणाले, "हितं असल्या भांडणाचा निकाल बाकडं देतं." पिकअप दुरुस्तीला टाकून दोन कांदेवाले शेतकरी बाकड्यावर बसले होते. दिवा कधी लागला, गाडी ढकलावी लागली का, सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं.

आल्टरनेटर काढून उघडला तर आतले कार्बनचे ब्रश घासून संपलेले. नवे मिळाले, खर्च आमच्या जेवणाइतकाच. परत बसवताना मी इतकी आत डोकावत होते की सलीमभाईंनी पाना माझ्याच हातात दिला. नंदूनं टॉमीच्या लोखंडी दांड्यानं आल्टरनेटर रेटून पट्टा ताणून धरला, मी नट आवळला. गाडी सुरू झाली, दिवा विझला आणि मला वेड्यासारखा आनंद झाला.

मग थोरले शेतकरी बोलले, "बॅटरीवर चालली म्हंजी उसनवारीवर चालली. ती बंदच धरायची, पावणं."

नंदूचा चेहरा पडला.

खोडदला शेतांमधल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अजस्र अँटेना जरूर बघा, फोन मात्र बंद ठेवा. मी तिथेही आमच्या इंजिनाचाच आवाज ऐकत होते. हा कसला, तो कसला, असं नंदूला मंचरच्या चहापर्यंत विचारत राहिले. तो एका शब्दात उत्तरं देत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्यानं मुकाट्यानं गाडी धुतली आणि जाहिरातीसाठी फोटो काढायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "पैज मी जिंकले, तर गाडीचं काय करायचं तेही मीच ठरवणार. किल्ली दे."

आता ती मी चालवते. नंदू शेजारी बसतो आणि प्रत्येक वळणावर श्वास रोखून धरतो.