कठड्यावर टक, टक

इटलीतल्या पार्मा गावातला न्हावी घ्या की खाटीक, ऑपेरातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं शपथेवर सांगेल. ही सगळी मंडळी थिएटरात अगदी वर, स्वस्तातल्या गॅलरीत बसतात. सूर हलला की हुर्यो म्हणून शिट्ट्या. प्रिमो न्हाव्यानं गाणाऱ्या सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. बायकोनं आठवडाभर अबोला धरला, तर म्हणतो, "तेवढीच सुट्टी!"

म्हणून इथलीच गायिका एर्सिलिया जगभर गायली, पण गावात नाही. व्हिएन्नात तिच्यावर फुलं पडली, ब्युनोस आयरिसमध्ये हिरे. लग्नं लोक दोन सांगतात, ती दीड म्हणते. पण पार्मा? नको! गॅलरीत तिचा बाप बसायचा.

हा बाप, ओरेस्ते, चीज पारखायचा. गाडीच्या चाकाएवढ्या चीजवर हातोडी मारायची नि कान लावायचा. आत भेग असली तर मान फिरवायची. नाद भरीव असला तर वर दोनदा टकटक, म्हणजे पास. सोळाव्या वर्षी एर्सिलियानं त्याला पहिल्यांदा गाणं ऐकवलं, तेव्हा त्यानं मान फिरवली होती. "वरचा सूर पोकळ आहे, पोरी."

ते ऐकून ती सव्वीस वर्षं बाहेर गात राहिली. शेवटी बेचाळिसाव्या वर्षी पार्माला होकार दिला. रविवारी दुपारचा खेळ. निघताना आईनं भोपळ्याच्या सारणाचे करंजीसारखे तोर्तेल्ली पुढे केले. "खाऊन जा. उपाशीपोटी शिट्ट्या फार लागतात."

दोन अंक झकास रंगले. तिसऱ्यात नेमका तोच वरचा सूर चिरकला.

गॅलरी गप्प. शिट्टीआधी श्वास घ्यावा लागतो, तेवढाच वेळ. एर्सिलियानं हात उचलून वाद्यं थांबवली आणि सरळ वर पाहिलं.

"बाबा, पोकळ वाजला ना?"

सगळ्या माना ओरेस्तेकडे वळल्या.

"वाजला!" तो ओरडला. "मग रडतेस काय? पुन्हा घे. आणि आगगाडी सुटल्यासारखी धावू नकोस!"

तिला हसूच फुटलं. एवढ्यासाठी आपण सव्वीस वर्षं घाबरलो? त्याच हसऱ्या तोंडानं तिनं सूर लावला. तो चढला, टेकला आणि वरच मांडी घालून बसला.

मग लाकडी कठड्यावर, अगदी स्पष्ट: टक, टक.

म्हातारा हातोडी खिशात घालून आला होता!

मग जे टाळ्यांचं वादळ उठलं, ते काय सांगावं! प्रिमो हमसून रडत होता. विचारलं तर म्हणे डोळ्यात गिऱ्हाइकाचा केस गेलाय.

घरी ताटावर बसताच ओरेस्तेनं तोंड उघडलं, "दुसऱ्या अंकात मात्र..."

एर्सिलियानं त्या उघड्या तोंडात अख्खा तोर्तेल्लो कोंबला.