गोठ्यातला डबा आणि माझा काळा चष्मा

सांगतो. पण हौसेनं न्हाय हं! घरात पावणं आलं, की चहाचं आधण ठेवायच्या आधीच सगळी माझ्याकडं बघून फिदीफिदी हसायला लागत्यात. "आप्पा, ते गोठ्यातलं सांगा की!" मी न्हाय सांगितलं तर माझा पोरगा संजू सांगतो, आन तो पदरचं घालून सांगतो. त्यापरीस माझी फजिती माझ्याच तोंडनं झालेली बरी. आन एका माणसानं माझी माफी मागायची राहिलीय अजून. ती का, हे बी एकदा सगळ्यांस्नी कळू दे.

आमचं घर कळंब्याला. तीन मजली, खाली आम्ही, वर आमची एक खोली आन भावांची बिऱ्हाडं, मागं गोठा. माझी लेक सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई मस्कतला. त्यानं लॅपटॉप धाडला आन हट्ट धरला, की रोज बायकोचं तोंड बघणार. इंटरनेटची तार खालच्या सोप्यात, पोरगी वरच्या खोलीत, आन डॉक्टरीणबाईंनी जिना उतरायचा बंद केलेला.

संजू म्हणाला, "आप्पा, बिनतारी डबा आणू. घरभर नेट."

मला बरं वाटलं. तार न्हाय तर शॉक न्हाय!

पण सकाळी दूधकट्ट्यावर गेलतो. म्हशीची धार समोर पेल्यात घ्यायची आन तिथंच उभ्यानं प्यायची, माझी रोजची सवय. तिथं पांडबा भेटला. चौथीत माझ्यासंगं नापास झालेला, पण बोलणं कलेक्टरचं.

"आप्पा, तार न्हाय म्हंजे ते जातंय कुठनं, इचार केलाईस? हवेतनं! भिंतीतनं आरपार!"

"आन माणसातनं?"

"आता भिंतीला ऐकत न्हाय, ते तुला ऐकतंय व्हय?"

पेला हातात तसाच ऱ्हायला. माझी लेक! तिच्या पोटातलं लेकरू! अर्धं दूध तसंच ठेवलं आन घराकडं सुटलो.

संजूसंगं दुकानात गेलो. दुकानदार बोलायला लई गोड. "पावणं, घर केवढं हाय?"

"दोन खोल्या," मी म्हटलं. घर बारकं सांगितलं, तर डबा बी बारका देईल.

संजूनं कपाळाला हात लावला. "आप्पा! तीन मजली घर हाय आपलं!"

"तू गप रं!"

मला डब्यातलं काय कळतंय? पण म्हैस कळती. उभ्या जन्मात फसलो न्हाय. म्हटलं, "ते दोन शिंगांचं नको. बिनशिंगाचं दाखवा, गरीब सोभावाचं."

"काका, ती शिंगं न्हाईत, अँटेना हाय. मोठ्या घराला दोन लागत्यातच."

"मारकं न्हाय न्हवं? घरी न्हेऊन दोन टायमाची धार काढून बघतो, मग सांगतो घ्यायचं का ते!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसाय लागली. संजूनं दोन शिंगांचंच घेतलं. बापाला इचारतंय कोण?

पण डबा बांधायचा कुठं, ते मी ठरवलं! पोरीच्या खोलीपासनं सगळ्यात लांब, म्हंजे गोठ्यात. जोडणारा माणूस म्हणाला, "काका, हे घराच्या मधोमध लावायचं असतंय." मी म्हटलं, "घर तुझं हाय का माझं?" तार ओढत गोठ्यापतूर न्हेली. कडबाकुट्टी मशीनच्या प्लगावर डबा लावला. त्याचं हिरवं डोळं लुकलुकाय लागलं, आन माझं काळीज बी.

आता पोरगी लांब, पण माझी गंगी? पहिलारू म्हैस, डब्यापासनं चार हातावर बांधलेली! म्हटलं, राखण केली पायजे. मोतीबिंदूच्या टायमाचा काळा चष्मा काढला. डोक्याला संजूचं हेल्मेट, अंगावर काळं घोंगडं. रोज पहाटं धारंच्या आधी जाऊन डब्याम्होरं बसायचो. काय आरपार जाईल ते आधी माझ्यातनं जाऊ दे!

पहिल्याच दिवशी गंगीनं पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी बी तेच. थेंब न्हाय! कासेला हात लावला की लाथ. जिचं कातडं एवढं जाड, तिची ही गत, तर माझ्या लेकीचं काय?

तिकडं वर पोरगी रडकुंडीला आलेली. नेट येत न्हाय, जावई दिसत न्हाय. तिचं रडवेलं तोंड बघून संजूनं दुकानदाराला फोन लावला, "डबा कमी पडतोय. चार शिंगांचा घेऊन या."

चार! मी गोठ्याच्या दारात आडवा झालो. "माझ्या मढ्यावरनं न्ह्या!"

दुकानदार नवा डबा घेऊन आला, मला वलांडून आत गेला, आन बाहीर येऊन म्हणाला, "काका, जुन्या डब्याचा प्लग कुठाय?"

"लावलेला हाय की!"

"तिथं कडबाकुट्टीचा हाय. डबा बंद हाय."

"आन त्याचं डोळं? तुम्ही रोज बघत बसलाय न्हवं?" संजूनं इचारलं.

आता काळ्या चष्म्यातनं काय दिसणार, डोंबल?

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. डबा बंद, तर म्हैस भ्याली कुणाला? सगळी माझ्याकडं बघाय लागली. हेल्मेट, चष्मा, घोंगडं. गंगीनं बी बघितलं आन दावं तोडायला आली!

आमची ही पदराआड हसत होती. म्हणाली, "प्लग मीच काढला, पहिल्याच दिवशी. तुमचं बोलणं ऐकून मला बी भ्या वाटलं, पोरीचं."

"आन गंगी आटली ती?"

"कुठं आटलीय? तुमी कट्ट्यावर गेला की चरवी भरून देती."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"लग्न झाल्यापासनं तुमी पहिल्यांदाच गप बसल्यालं बघितलं. म्हटलं, बसू दे."

डॉक्टरीणबाईंस्नी तिथनंच फोनवर इचारलं, तर त्या म्हणाल्या, "आप्पा, त्या डब्याचं ऱ्हाऊ दे, तुमच्या वरडण्यानं बाळ दचकतंय." तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला. तोच दोन शिंगांचा डबा जिन्यात बांधला, मधोमध. नेट आलं. गडबडीत मी तसाच, हेल्मेट-चष्मा-घोंगड्यासकट वर पळालो, पोरीच्या मागं उभा ऱ्हायलो. जावई दिसला आन वरडला, "सुनीता, पळ! मागं कोण हाय!"

नात झाली. ठणठणीत हाय, आवाज माझ्यावर गेलाय. पांडबानं कट्ट्यावर चारचौघांत आपलं कान धरून माफी मागितली. गंगी बी आता हाताला चाटती. ऱ्हायलं कोण? सकाळी चहा देताना अजून इचारती, "आज गोठ्यात बसणार न्हाय व्हय?" माफीचं नाव न्हाय! लिहूनच ठेवतो: हौसाबाई, माझीच बायको.