जयेशची खाली बसवलेली गाडी

नवी मुंबईतल्या पावण्यात गॅरेज टाकलं की दोन गोष्टी साठत जातात, जुने टायर आणि किस्से. टायर निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से मात्र घरी घेऊन जावे लागतात, आणि माझ्या नवऱ्याला ते आता तोंडपाठ झालेत. म्हणून म्हटलं, चला, तुम्ही नवीन आहात!

गॅरेज माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं. मिलिंद गाडीखाली, मी काउंटरवर. गाड्या त्याच्या ताब्यात, माणसं माझ्या. जास्त अवघड काय ते तुम्हीच ठरवा. आमचं काम सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअप. लोक आमच्याकडे गाडी 'खाली बसवायला' आणतात. गाडी जमिनीला जवळ आली की वळणावर कमी कलते, आणि दिसतेही झक्कास. पण हे खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस कामातून गेला म्हणून समजा.

*

आमचा सगळ्यात लाडका खुळा म्हणजे करावे गावचा जयेश भोईर. तो पस्तिशीचा, गाडी त्याच्याहून म्हातारी. लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार, दोन दारं आणि दोनच सीट. पहिल्याच दिवशी त्यानं टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत अख्खी मूठ घालून दाखवली.

"मूठ जाते ताई! चारचौघांत लाज वाटते."

"मग फट किती ठेवायची?" मिलिंदनं विचारलं.

"दोन बोटं."

मिलिंदनं आपली दोन बोटं लावून बघितली. काडीसारखी. जयेशनं आपली लावली. राजेळी केळी! कोणाची बोटं धरायची यावर दोघं चहा थंड होईपर्यंत भांडले. शेवटी मी उठले आणि म्हटलं, "माझी दोन धरा आणि कामाला लागा!" त्या गाडीची उंची आजही माझ्या बोटांवर ठरलेली आहे.

*

त्या दिवशी जयेशचे वडीलही आले होते. त्यांना अख्खं गाव दादा म्हणतं. ते आले स्वतःच्या भल्यामोठ्या गाडीतून, जिच्यात चढायला पायरी लागते. त्यांनी लाल गाडीभोवती एक चक्कर मारली.

"पानी भरतंय म्हनून लोका गारी वर उचलतान, आन तू खाली बसवतंस?" मग काचेतून आत बघितलं. "हिच्यान बसाचा का निजाचा?"

आणि तिथंच, माझ्या काउंटरसमोर, जाहीर करून टाकलं की आपण या गाडीत कधीही पाय ठेवणार नाही.

दादा गेल्यावर जयेशचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "ताई, मला गाडी दादांनीच शिकवली. टेम्पोवर, मांडीवर बसवून. या गाडीत ते एकदा माझ्या बाजूला बसले ना, बस. अजून काय नाय पायजे."

"मग राहू दे की गाडी वरच!"

"नाय ओ ताई. ती खाली पण पायजे ना!"

आता याला काय म्हणाल?

*

मध्येच एक वेगळा नमुना सांगते. ऐरोलीचा एक कंप्युटरवाला मुलगा आला. त्यानं दुसरीकडे कुठंतरी ग्राइंडरनं स्प्रिंगाच कापून घेतल्या होत्या. मिलिंदच्या मते हे पाप आहे. स्प्रिंग कापायची नसते, मापाची बनवून आणायची असते. त्यानं कपाळाला हात लावला.

मी विचारलं, "काय रे, बसून कसं वाटतं?"

"मॅडम, सेन्सिटिव्ह झालीय गाडी. आधी फक्त खड्डा कळायचा. आता खड्ड्यात पडलेलं नाणं छापा आहे की काटा, तेही कळतं!"

*

जयेशच्या स्प्रिंगा मात्र मापाच्या आल्या. बसल्या. गाडी अशी काही दिसायला लागली की शेजारच्या कारखान्यातले लोक जेवण सोडून बघायला आले. जयेशनं देवाला नमस्कार करून स्टार्टर मारला, गाडी ऐटीत निघाली आणि आमच्याच गेटात अडकली!

गेटाशी गटारावर लोखंडी जाळी आहे, थोडी उंचावलेली. रोज वीस वेळा आम्ही तिला ठेचकाळतो. पण गाडी खाली बसवताना तिची आठवण आमच्या इंजिनिअर साहेबांना झाली नाही.

मी म्हटलं, "मिलिंद, आता ही गाडी आपलीच का रे?"

मग दोन फळ्या आणल्या, जाळीच्या अलीकडे-पलीकडे उतार केला आणि नवरी उंबरठ्यावरून न्यावी तशी गाडी बाहेर काढली. फळ्या जयेशला देऊन टाकल्या. म्हटलं, "लागतील तुला."

*

लागल्या! नवी मुंबईत रस्ता कमी आणि स्पीडब्रेकर जास्त. प्रत्येक सोसायटीला आपला एक हवाच. फळ्या ठेवायच्या कुठं? डिकीत मावेनात. म्हणून जयेशची बायको प्रणाली त्या मांडीवर घेऊन बसायची. स्पीडब्रेकर आला की उतरायचं, फळ्या मांडायच्या, गाडी पार करायची, फळ्या उचलायच्या, परत बसायचं.

एकदा तावातावानं मला म्हणाली, "ताई, लग्नात माझ्यासाठी पाट मांडला होता. आता मी रोज गाडीला पाट मांडते!"

एके दिवशी घराच्या अलीकडे ओळीनं स्पीडब्रेकर लागले. दुसऱ्यालाच तिनं फळ्या रस्त्यावर ठेवल्या, पर्स उचलली आणि काचेतून सांगितलं, "तुम्ही या सावकाश. मी पुढं जाऊन कुकर लावते."

जयेश पोचला तेव्हा वरण-भात झाला होता.

*

पण वळणावर गाडी सुधारली होती, हे खरंच. त्याची परीक्षा जयेशनंच घेतली. पूर्वी सासूबाईंनी दिलेला कोलंबीच्या कालवणाचा डबा सर्कलला वळताना आडवा व्हायचा आणि आठवडाभर गाडीत वास. आता त्यानं आमच्यासाठी कालवण घेतलं, डबा उघडाच सीटवर ठेवला आणि निघाला. सर्कलवरून फोन आला, "ताई, तीन चकरा मारल्या! थेंब नाय सांडला! भात लावून ठेवा!"

थोड्या वेळानं साहेब हजर. शर्ट पिवळाजर्द, कानावर कोलंबी.

"सर्कलला नाय सांडलं ताई. तुमच्या जाळीवर उडलं."

मिलिंदनं शर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं एकच प्रश्न विचारला, "पण वळणावर नाही ना सांडलं?" आणि दोघांनी टाळी दिली. मी कोरडा भात खाल्ला!

*

मग एका मॉलच्या पार्किंगमधला प्रकार. तिथं गाडी आली की सेन्सर बघतो आणि दांडा वर जातो. जयेश उभा, दांडा ढिम्म हलेना. मागे हॉर्नचा गोंधळ. शेवटी वॉचमननं हातानं दांडा वर केला, पण गाडीचं नाक आत जातं न जातं तोच दांडा खाली येऊन बॉनेटवर टेकला.

वॉचमन बिचारा हात जोडून म्हणाला, "साहब, मेरी गलती नहीं है. मशिन को लगता है, कोई आयाच नहीं!"

जयेशला राग यायला हवा होता ना? तो आमच्याकडे पेढे घेऊन आला!

*

अशा दिवसांत एका शनिवारी जयेश आला. गाडीच्या छपरावरून हात फिरवत उभा राहिला. मग मिलिंदला म्हणाला, "सोमवारी परत वर कर. पयली होती तशी."

मिलिंदच्या हातातला पाना खाली पडला.

"दादांचे गुडघे गेलेत रे. आता तर मनात आलं तरी त्यांना बसता येणार नाय. बाजूची सीट रिकामी घेऊन फिरू काय?"

मला पण गलबलून आलं. खूळ असलं तरी पोटच्या पोरासारखं जपलेलं खूळ होतं ते. मी डायरी न उघडताच म्हटलं, "सोमवारी सकाळी आण."

मधल्या रविवारी त्याच्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता, गावातच, देवळापुढे मांडव घालून. आम्हालाही बोलावणं होतं. आम्ही पोचलो तर जयेशच्या घरापुढे हा गोंधळ! मांडवाचे खांब गल्लीत आलेले, दादांची मोठी गाडी काही केल्या निघेना. गुडघा सुजलेला, देवळापर्यंत चालवेना. त्या गल्लीतून जाईल अशी गाडी घरात एकच होती.

प्रणाली म्हणाली, "दादा, बसा आता. मुलीकडचा मोठा मानूस तुमीच. तुमच्याबिगर अंगठी घालनार नायत."

दादांनी गाडीकडे बघितलं. लेकाकडे बघितलं. मग पाठमोरे झाले, मिलिंदनं एक हात धरला, जयेशनं दुसरा, आणि दादा आत गेले. पाय मागाहून एकेक करून आत ठेवले.

पुढे पैठणी खोचून प्रणाली फळ्या मांडतेय, मागून पहिल्या गिअरमध्ये लाल गाडी, अशी वरात मांडवाच्या तोंडाशी पोचली. जयेशचे डोळे भरून आले होते. समोर बघून चालवत होता, बाजूला बघायची हिंमतच नव्हती त्याला.

आणि मग कळलं की दादांना बाहेर पडता येत नाही!

माणसं जमली. व्याही कमरेत मोडून काचेशी आले आणि विचारपूस करायला लागले. विहीणबाई पदर सावरत खाली झाल्या. नवरा-नवरी पाया पडायला आले, तर पाय आत खोलवर. नवरदेव नव्या शेरवानीत रस्त्यावर गुडघे टेकून दारातून आत घुसला. एक माजी नगरसेवक आले, उंच, ताठ, कुणाला नमस्कारही मान न हलवता करणारे. तेही गुडघ्यांवर हात ठेवून इतके खाली आले की टोपी सुटून दादांच्या मांडीवर पडली. दादांनी ती शांतपणे परत दिली.

जयेश घाईघाईनं म्हणाला, "दादा, चौघं मिलून काढतो तुमाला."

"थांब रं. घाय कसली?"

पान तिथंच आलं. दादा सावकाश जेवले. रांग चालूच होती. हात धुतल्यावर त्यांनी गर्दीतून मिलिंदला बोलावलं. तो धावत गेला आणि काचेशी ओणवा झाला.

"मिस्त्री, उद्या काम हाय ना हिचा?"

"हो दादा, सकाळीच. टेन्शन घेऊ नका, पहिल्यासारखी वर करून देतो."

दादांनी एकदा समोरच्या रांगेवर नजर फिरवली.

"वर नको. आजून थोरी खाली बसल का?"